मंगळवेढ्याचे कोठार, मंगळवेढ्याची भिंत



गेल्या काही वर्षांत पालखीच्या वाटेवर एक नवा दाता दिसू लागला आहे. पूर्वी मुक्कामाच्या गावी पिठले-भाकरीची पंगत गावकरी घालीत, एखादी म्हातारी घागर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राही, एखादा व्यापारी चर्मकाराला बसवून वारकऱ्यांच्या वहाणा शिवून देई. आता त्यांच्या जोडीला कंपनी आली आहे. रेनकोट, पाण्याच्या बाटल्या, औषधांची गाडी, मुक्कामाचे तंबू हे सारे ती देते, आणि प्रत्येक वस्तूवर तिचे नाव असते. वारकरी वस्तू घेतो, ‘माउली’ म्हणून हात जोडतो आणि पुढे चालू लागतो. घेणाऱ्याचे यात काही चुकत नाही.

पण विचार करणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात. एक, हे दान आहे काय? दोन, दान असेल तर त्याचे पुण्य कोणाच्या पदरी? आणि तीन, धन मिळवताना वाटेत कोणाचे काही बिघडले असेल, तर ते देण्याने फिटते काय? तिन्ही प्रश्न नव्या काळाचे वाटतात, पण त्यांची उत्तरे शोधायला संतचरित्राबाहेर जावे लागत नाही. तेव्हा एकेक प्रश्न घेऊ.

आधी हे दान येते कोठून, ते समजून घ्यावे. आपल्या देशात २०१३ साली नवा कंपनी कायदा झाला. त्याच्या १३५ व्या कलमाने १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांवर एक बंधन घातले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा वर्षाची उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एका मर्यादेला पोचला, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील निदान २ टक्के रक्कम समाजाच्या कामी लावायची. भूक, आरोग्य, शिक्षण, पिण्याचे पाणी, पर्यावरण, वारसा अशा कामांची यादी कायद्यानेच दिली आहे, आणि ज्या भागात कंपनीचे काम चालते त्या भागाला प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. २०२१ पासून न खर्चलेली रक्कम अंगावर ठेवता येत नाही. ती सरकारने नेमलेल्या निधीत भरावी लागते, आणि काम चालू असेल तर वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. यालाच लोक ‘सीएसआर’ म्हणतात.

या कायद्यातील दोन अटी मला फार मोलाच्या वाटतात. कंपनीने केवळ आपल्याच कामगारांच्या सोयीसाठी केलेला खर्च या २ टक्क्यांत धरला जात नाही. आणि जे काम तिच्या नेहमीच्या धंद्याचाच भाग आहे, त्याचा खर्चही धरला जात नाही. म्हणजे कामगाराला पगार वेळेवर दिला, धुराड्याला गाळणी बसवली, घाण पाणी शुद्ध करून सोडले, तर ते समाजकार्य म्हणून मांडता येत नाही. ते तुझे कामच होते, असे कायदा सांगतो. शास्त्रात नित्यकर्म आणि काम्यकर्म असा जो भेद आहे, तोच येथे आला. संध्या केली म्हणून कोणी पुण्याची पावती मागत नाही; चुकवली तर दोष मात्र लागतो.

मग पहिला प्रश्न. कायद्याने द्यावेच लागते, ते दान म्हणावे काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि ज्ञानेश्वर माउलींनी त्यांचा विस्तार केला आहे. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच बुद्धीने, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य वेळी योग्य माणसाला जे दिले जाते ते सात्त्विक. मोबदल्यावर डोळा ठेवून, जीव खालीवर होत दिलेले ते राजस. तुच्छतेने, अवमान करून फेकलेले ते तामस. या कसोटीवर रेनकोटच्या पाठीवरचे मोठे नाव कोठे बसते, हे सांगायला पंडित लागत नाही. पण म्हणून सगळेच निकालात काढू नये. राजस दान हेही दानच आहे, त्याने भुकेल्याचे पोट भरते. ज्याला कायद्याच्या धाकाने द्यावे लागते, त्याच्या देण्याला कराची कळा येते. आणि कर भरणे हे वाईट नाही, ते नागरिकाचे कर्तव्य आहे. एवढेच म्हणावे की, कर भरणाऱ्याची आपण आरती करीत नाही.

दुसरा प्रश्न थोडा खोल आहे. कंपनीने दिले म्हणजे कोणी दिले? कायद्याने कंपनीला व्यक्ती मानले आहे. ती जमीन घेऊ शकते, कर्ज काढू शकते, कोर्टात जाऊ शकते. पण तिला जीव नाही, मरण नाही, पुढचा जन्म नाही. यमाच्या दरबारात कोणती कंपनी हजर राहणार? तिच्या तिजोरीतला पैसा भागधारकांचा. देण्याचा ठराव करणारे संचालक हे त्या पैशाचे कारभारी. कारभाऱ्याने धन्याच्या कोठीतून दिले, तर पुण्य कोणाचे?

येथे दोन चरित्रे शेजारी ठेवून पाहावीत. दामाजीपंत मंगळवेढ्याचे अंमलदार. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, आणि दामाजींनी बेदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार उघडले. धान्य त्यांचे नव्हते. बादशहाचे बोलावणे आले तेव्हा शिर जाणार हे ठाऊक असूनही ते निघाले. पुढची कथा लहान मुलालाही ठाऊक आहे. पांडुरंग विठू महार झाला, बेदरला गेला, धान्याची सारी किंमत मोजली आणि पावती घेतली. आपण कीर्तनात विठू महाराच्या रूपावर रंगून जातो, पण या पावतीकडे लक्ष देत नाही. देव म्हणू शकला असता की धान्य धर्मासाठी गेले, आता हिशेब कसला? तो तसे म्हणाला नाही. त्याने पूर्ण रक्कम भरली. परक्याच्या कोठारातून झालेल्या धर्मकार्याचा हिशेब खुद्द पंढरीनाथालाही चुकता करावा लागला.

दुसरे चरित्र तुकोबारायांचे. घर महाजनकीचे, सावकारी पिढीजात. मोठा दुष्काळ पडला, घरातली माणसे गेली, आणि महाराजांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली. चरित्रकार सांगतात की आधी त्यांनी खतांचे दोन वाटे केले. अर्धे धाकट्या भावाला, कान्होबाला दिले, आणि आपल्या वाट्याचे तेवढे बुडवले. केवढी ही दक्षता! वैराग्याचा पूर आला असतानाही भावाच्या हक्काचे दान करण्याचा अधिकार त्यांनी घेतला नाही.

या दोन चरित्रांवरून मला असे वाटते की संचालकाने २ टक्क्यांचा धनादेश दिला, तर ते पुण्य त्याच्या खाती फारसे जमा होत नाही. पैसा त्याचा नाही, आणि दामाजींसारखी त्याने मानही पुढे केलेली नाही. मग त्याचे स्वतःचे असे काय आहे? त्याची सही. आज दुरुस्ती करायची की पुढच्या वर्षावर ढकलायची, कामगाराला तोंडावर बांधायला चांगला मास्क द्यायचा की स्वस्तातला, नाल्यात काय सोडायचे, यावर तो रोज सही करतो. ती सही त्याच्या हाताची आहे आणि तिचे पापपुण्यही त्याचेच आहे. कंपनीला आत्मा नसला तरी सही करणाऱ्याला आहे.

आता तिसरा प्रश्न. मिळवताना झालेला दोष देण्याने धुतला जातो काय? त्यासाठी पुन्हा मंगळवेढ्यालाच यावे लागते. ज्या गावात दामाजींनी कोठार उघडले, त्याच गावात त्याच्याही आधी एक भिंत पडली होती. शके १२६० मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले होते. त्या कामावर चोखोबा होते. भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर गाडले गेले. नामदेवरायांनी तेथे जाऊन, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकू येत होता त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारी समाधी दिली. आज आपण नामदेव पायरीचे दर्शन घेतो, तेव्हा समोर चोखोबा असतात.

ही कथा आपण नामाचा महिमा म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण भिंत का पडली, हे कोणी विचारले? पाया कच्चा होता की मातीत ओल होती? वर उभे राहून काम करवून घेणारा कोण होता? चोखोबांची समाधी झाली, बाकीच्या मजुरांची नावेही राहिली नाहीत. समजा त्या भिंतीचे काम करवून घेणाऱ्याने पुढे मोठे अन्नछत्र घातले असते, तर भिंतीखालच्या माणसांचे काय फिटले असते? अन्नछत्राचे पुण्य अन्नछत्राच्या जागी, भिंतीचा दोष भिंतीच्या जागी. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्या खात्यात वळती होत नाही. म्हणून मी म्हणतो की प्रत्येक धंद्याला मंगळवेढ्याची दोन्ही स्थाने असतात. एक कोठार आणि एक भिंत. कोठार उघडल्याचा गजर होतो. भिंत नीट बांधली तर कोणाला कळतही नाही. ती पडली तरच कळते.

हे तात्त्विक झाले. आता आपल्या नागपूरकडे पाहू, कारण या शहराने दोन्ही गोष्टी पाहिल्या आहेत.

जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल उभी केली, ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस पिकवणारा मुलूख, आलेली रेल्वे आणि वरोऱ्याचा कोळसा पाहून त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडले. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून काढायला इतका पैसा लागला की एका मारवाडी सावकाराने हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे म्हणून भांडवल द्यायला नकार दिला. पुढे त्यानेच कबूल केले की यांनी माती घातली आणि सोने काढले. मिलमध्ये कामगार फार गैरहजर राहत. दंड बसवण्याऐवजी हजेरीला बक्षिसे ठेवली, कामाच्या खोल्यांत हवा खेळती राहील आणि गारवा राहील अशी यंत्रे बसवली, आग विझवण्याची सोय केली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघातात जायबंदी होणाऱ्याला भरपाई देण्याची सोय झाली. देशात कामगार भरपाईचा कायदा झाला तो १९२३ मध्ये, आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ मध्ये. म्हणजे कायद्याने हात धरण्याआधी कित्येक वर्षे नागपूरच्या एका गिरणीने भिंत भरभक्कम बांधायला घेतली होती.

परंतु कीर्तनकाराने चरित्र सांगताना एकच बाजू सांगू नये. मिल सुरू झाली त्याच १८७७ साली मजुरीच्या दरावरून विणकरांनी काम बंद ठेवले, आणि हिंदुस्थानातल्या गिरणी कामगारांच्या आरंभीच्या संपांत त्याची गणना होते. गिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा कायद्याने घातली ती १९११ मध्ये. त्यावरून त्याआधीचे दिवस किती लांब असत ते समजावे. तेव्हा एम्प्रेस मिल म्हणजे रामराज्य होते असे कोणी समजू नये. तरीही एक गोष्ट खरी की जे काही चांगले झाले ते नफ्यातून बाजूला काढलेल्या देणगीने झाले नाही. नफा मिळवण्याच्या रीतीतच ते बसवलेले होते. पुढे १९८६ मध्ये ही मिल राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आज त्या जागी मॉल आहे. मिल गेली, पण पेन्शन, भरपाई, भविष्यनिर्वाह निधी हे शब्द आता देशभरच्या कामगाराच्या तोंडी आहेत.

दुसरे उदाहरण कोराडीचे. जगदंबेच्या दर्शनाला जाताना वीज केंद्राच्या उंच चिमण्या आपण सारेच पाहतो. कोराडी आणि खापरखेडा ही दोन्ही केंद्रे महानिर्मितीची, म्हणजे सरकारी कंपनीची. आपल्या दगडी कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के असते. कोळसा जळून वीज होते, राख मात्र उरते, आणि पाण्याबरोबर वाहून ती मोठ्या बांधाआड साठवतात. जुलै २०२२ मध्ये, ऐन पावसात, खसाळ्याच्या राखतलावाचा बांध फुटला. राखेचे पाणी शेतांत गेले, ओढ्यांत गेले, कोलार आणि कन्हान नद्यांपर्यंत पोचले. कन्हान म्हणजे नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा एक मोठा आधार. ही मंगळवेढ्याची भिंत नव्हे तर काय?

आणि याच कोराडीचा दुसरा एक दाखला आहे, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. वीज केंद्राला थंडाव्यासाठी अतोनात पाणी लागते. ते सगळे धरणातून घेतले तर शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्यात वाटा पडतो. म्हणून महापालिका आणि महानिर्मिती यांच्यात करार झाला. नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीच्या केंद्राला द्यायचे ठरले. योजना दिवसाला १३ कोटी लिटरची. जे पाणी घाण म्हणून वाहून जात होते ते कामी आले आणि तेवढे स्वच्छ पाणी वाचले. याचा कोठे उत्सव झाला नाही, कोणाच्या पाठीवर नाव छापले गेले नाही. पण माझ्या मते दहा पाणपोयांचे पुण्य या एका व्यवहारात आहे. एकाच केंद्राच्या कारभारात हे दोन्ही आहे. एका ठिकाणी भिंत राखली गेली आणि एका ठिकाणी पडली, आणि दोन्ही ठिकाणी २ टक्क्यांचा संबंध नाही. खरा धर्म उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत आहे.

यावर कोणी विचारील की महाराज, हे ऐकायला बरे, पण ज्याच्या घोटभर पाण्याचा प्रश्न आहे तो पैसा कोठून आला हे विचारीत बसेल काय? हा पूर्वपक्ष बळकट आहे. त्याला उत्तर म्हणून आमच्या भागात घडलेली एक गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. एका दिंडीला एका कारखान्याने सांगून पाठवले की यंदा सगळ्या वारकऱ्यांना रेनकोट, मुक्कामाचे तंबू आणि पाण्याचा टँकर आमच्याकडून. शिवाय दिंडीतले पुष्कळ लोक ज्या गावचे, त्या गावात आरओचे यंत्र बसवून देऊ, वर ‘सप्रेम भेट’ अशी पाटी लावू. विणेकरी आणि चोपदार आनंदले. बैठकीला मलाही बोलावले होते. तेथे एक माळकरी शेतकरी उठला. कारखान्याच्या नाल्याला लागून त्याचे शेत होते. तो म्हणाला, “महाराज, विहीर माही, पाणी नासवलं त्याहीनं, अन् आता माह्याच विहिरीचं पाणी मले भेट म्हणून देऊन राह्यले का?”

बैठक गप्प झाली. कोणी म्हणाले, यंत्र नको म्हणून परत करा. त्यावर त्याच शेतकऱ्याची सून, जी तुळस घेऊन चालणारी, ती म्हणाली की पाणी तर रोज लागते, लेकरांना काय पाजू? दोघांचेही खरे होते. रात्री उशिरापर्यंत विचार झाला आणि ठरले ते असे. रेनकोट आणि तंबू नम्रपणे नाकारायचे. यंत्र गावासाठी घ्यायचे, पण पाटीवर ‘भेट’ हा शब्द नको. आणि त्याचबरोबर ग्रामपंचायतीने विहिरीचे पाणी तपासून घेऊन नाल्याबाबत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करायची. यंत्र बसले, पाटी बिनशब्दाची लागली. नाल्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, अर्ज चालू आहेत. पण त्या शेतकऱ्याला पाणी पिताना खाली मान घालावी लागत नाही. भेट घेणारा उपकाराखाली असतो, येणे वसूल करणारा नसतो.

यातून माझा सिद्धांत असा. गरजवंताने घ्यावे, त्याला दोष नाही. पण घेणाऱ्याने ऋणाला दान म्हणू नये. ज्याने विहीर नासवली त्याने पाणी देणे ही फेड आहे, आणि फेड झाल्यावर जे देईल ते दान. संतांनी क्रम लावून दिला आहे, आधी मिळवण्याची रीत शुद्ध, मग वेचण्याची उदारता. आपण क्रम उलटा केला की उदारता हा रीतीवरचा पडदा होतो.

दुसरा पूर्वपक्ष धंदेवाल्याचा. तो म्हणतो, मी एकट्याने सगळे नियम पाळले तर माझा माल महाग होईल, शेजारचा स्वस्तात विकेल आणि मी बुडेन. मग माझे कामगारही उघड्यावर पडतील. या म्हणण्यात तथ्य आहे, ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला दोन उत्तरे आहेत. ज्याच्याने शेजाऱ्यालाही बांध घालता येईल, अशा सर्वांना सारख्या लागणाऱ्या कायद्याची मागणी सज्जन धंदेवाल्यानेच मोठ्याने करावी. पण बहुधा तो कायदा सैल करून घेण्यासाठीच बोलताना दिसतो. आणि दुसरे, धर्माने चालताना प्रत्येक वेळी तोटाच होतो हेही खरे नाही. कामगाराच्या सोयीवर खर्च करणारी एम्प्रेस मिल शंभर वर्षांहून अधिक चालली. आपल्या शेजारच्या वर्ध्यात जमनालाल बजाजांसारखा कापसाचा व्यापारी होऊन गेला. गांधीजी धनवंताला विश्वस्त म्हणत, ती कल्पना जमनालालजींनी अंगी बाणवण्याचा प्रयत्न केला, आणि १९२८ मध्ये घरच्या लक्ष्मीनारायण मंदिराची दारे हरिजनांना उघडी केली. त्यांचा व्यापार काही त्यामुळे बुडाला नाही. तरी कबूल केले पाहिजे की कधी कधी तोटा होतोच. ज्या धर्माने कधीच तोटा होत नाही, त्याला धर्म कशाला म्हणायचे? त्याला हुशारी म्हणावे.

आता तिसरी गोष्ट आपल्याच अंगाशी येते. कोराडीची वीज कोण वापरतो? आमच्या सप्ताहाच्या मंडपातले दिवे आणि कर्णे तीवरच चालतात. नागपूरची नाग नदी शहराची घाण घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. त्याच अंभोऱ्याला मुकुंदराजांनी विवेकसिंधु रचला असे विदर्भात आपण अभिमानाने सांगतो. त्या संगमावर पोचणारे पाणी केवळ कारखान्यांनी मळवलेले नाही, त्यात आपल्या मोरीचेही आहे. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगताना आपण पाहतो. ज्या पाण्यावर तुकोबांची गाथा तरली, त्या पाण्यात आज काय काय मिसळते! त्यात कारखाने आहेत, शहरेही आहेत. तेव्हा बोट दाखवताना आपला हात आधी पाहावा.

म्हणून फडकरी, दिंडीप्रमुख, सप्ताह समित्या यांना हात जोडून चार गोष्टी सुचवतो. पहिली, कंपनीचे साहाय्य घेताना तिच्या कारखान्याच्या भोवतालच्या गावातल्या दोन माळकऱ्यांना विचारावे की तेथे पाण्याची, हवेची, कामगाराची स्थिती कशी आहे. उत्तर समाधानाचे असेल तर आनंदाने घ्यावे. दुसरी, कीर्तनाच्या रंगात दात्याचे नाव पुकारू नये. नारदांच्या गादीवरून जयजयकार एकाचाच व्हावा. तुकोबांनी शिवरायांचा नजराणा परत केला असे आपण सांगतो. राजाचे धन अशुद्ध होते म्हणून तो परत गेला नाही, आपली वाणी कोणाच्या उपकाराखाली जाऊ नये म्हणून गेला. तिसरी, वाटेवर ज्या गावाने आपल्याला पंगत घातली त्या गावात प्लास्टिकच्या बाटल्यांचा आणि थर्माकोलच्या पत्रावळ्यांचा खच टाकून जाऊ नये. आपण टाकलेला कचरा हीही एक पडलेली भिंतच आहे. चौथी सर्वांत जवळची. आपल्या संस्थांत आणि सप्ताहात जो स्वयंपाकी चुलीपुढे उभा राहतो, जो मंडप बांधतो, जो ट्रक चालवतो, त्याला ठरलेली मजुरी ठरल्या दिवशी मिळते काय, हे पाहावे. ‘देवाचे काम आहे, सांभाळून घे’ असे म्हणून मजुराचे दोनशे रुपये कापणे आणि मग हजार पानांचे अन्नदान करणे, याला कोणते नाव द्यावे?

सावता महाराज अरणला मळा करीत, नरहरी महाराज सोने घडवीत, सेना महाराज हजामत करीत, नामदेवराय शिंप्याच्या घरचे. वारकरी संप्रदाय धंदा सोडून रानात गेलेल्यांचा नाही. आपल्या संतांनी देव शोधला तो हातातल्या कामात, आणि म्हणूनच काम खोटे करून देव गाठता येईल अशी पळवाट त्यांनी ठेवली नाही. सोनाराने कस चुकवायचा आणि शिखरावर कळस चढवायचा, हा हिशेब पंढरीत चालत नाही. कंपनी मोठी असो वा गावातले किराणा दुकान असो, नियम एकच.

पुढच्या आषाढीला महाद्वारात याल तेव्हा चोखोबांच्या समाधीपुढे क्षणभर अधिक थांबा. आपल्या हाताखाली कोणी राबते का, त्याच्यावर आपण उभारलेली भिंत पक्की आहे का, एवढे स्वतःला विचारा. मग आत जाऊन विटेवरच्या सावळ्या परब्रह्माचे दर्शन घ्या. कोठार उघडण्याची पाळी सर्वांवर येत नाही. भिंत राखण्याची मात्र रोज येते.

रामकृष्णहरी.